कोंबड्यांचा ल्युकोसिस रोग व त्याच्या विषाणूंतील लघु आर.एन.ए.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यास बेण्याचें महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाहीं. १८८५ सालीं नीरा डावा कालवा वाहूं लागला, त्याच्या पाण्यावर या अवर्षणाच्या मुलखांत ऊंस उभा राहिला, आणि उंसाबरोबर बेण्यांतून येणारे रोगही आले. गवताळ वाढीचा रोग ज्यानें एकदां आपल्या फडांत पाहिला आहे, तो रोगी बेटांतील कांडी पुढच्या लागणीस वापरीत नाहीं. पदरचे चार पैसे अधिक गेले तरी तो खात्रीचें बेणें आणतो. नीरेच्या खोऱ्यांत पाडेगांव येथें १९३२ सालीं ऊंस संशोधन केंद्र स्थापन झालें, तेव्हांपासून हा धडा या भागांत पुन्हां पुन्हां गिरविला गेला आहे.

परंतु हाच शेतकरी जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळूं लागला कीं, त्यास या धड्याचा विसर पडतो. पिलें कोठून आलीं, त्यांच्या आया कोणत्या कळपांतील, हें न विचारतां केवळ स्वस्त मिळालीं म्हणून तो तीं घेतो. किंवा आपल्याच खुराड्यांतील अंडीं उबवून कळप वाढवितो. पुढें तलंगा अंड्यावर येण्याच्या सुमारास कांहीं कोंबड्या वाळूं लागतात, तुरा फिका पडतो, पोट मोठें दिसतें, आणि औषधांवर पैसा ओतूनही एकेक कोंबडी मरते. शेजारी सांगतो कीं, औषध बदला. दुकानदार सांगतो कीं, मात्रा वाढवा. अशा वेळीं होणाऱ्या खर्चाचा बराचसा भाग निव्वळ वायां जातो, कारण ज्या रोगांचा संभव असतो त्यांतील एकावर औषधच नाहीं. तो रोग म्हणजे ल्युकोसिस होय.

या रोगावर औषध कां नाहीं, आणि औषध नसतां उपाय कोठें आहे, या दोन प्रश्नांचीं उत्तरें रोगाच्या विषाणूंत सांपडणाऱ्या अगदीं लहान अशा आर.एन.ए.च्या तुकड्यांत आहेत. विषय थोडा शास्त्रीय आहे. तथापि जो वाचक तलाठ्याचें दप्तर जाणतो व ज्यानें दोर वळतांना पाहिला आहे, त्यास तो कठीण जाणार नाहीं असा आम्हांस भरंवसा आहे.

रोगाची ओळख

ल्युकोसिस हा कोंबडीच्या रक्तपेशींचा अर्बुदरोग, म्हणजे एका प्रकारचा कर्करोग आहे. त्याचें नेहमीं आढळणारें रूप साधारणतः चौदा ते सोळा आठवड्यांच्या वयानंतर प्रकट होतें. मेलेली कोंबडी उघडून पाहिली तर काळीज अतिशय वाढलेलें व त्यावर पांढुरक्या गांठी असलेलें आढळतें; प्लीहेची तीच अवस्था असते. गुदद्वाराच्या वरच्या बाजूस आंत एक लहानशी पिशवी असते, तीस फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात. त्या पिशवींतही गांठी आढळतात. किंबहुना रोगाचा आरंभ तेथूनच होतो.

मारेक रोगांतही गांठी होतात, म्हणून या दोहोंची गल्लत नेहमीं होते. तथापि मारेक रोग बहुधा सहा आठवड्यांनंतर केव्हांही दिसूं लागतो, त्यांत पाय व पंख लुळे पडतात, आणि त्याचा विषाणु निराळ्या कुळांतील आहे. मारेकवर लस असून ती पिलास पहिल्याच दिवशीं देतात. ल्युकोसिसवर उपयोगी पडेल अशी लस बाजारांत नाहीं. तेव्हां ‘आम्हीं लस टोंचलेलीं पिलें आणलीं होतीं’ असें म्हणून ल्युकोसिसविषयीं निश्चिंत राहणें चुकीचें आहे.

मांसाकरितां वाढविलेलीं पिलें सुमारें सहा आठवड्यांत विकलीं जातात. त्यामुळें त्यांच्या पालकास हा रोग सहसा दिसत नाहीं. जो अंड्यांकरितां कोंबडी वर्ष-सव्वा वर्ष ठेवतो, अथवा गांवरान कोंबड्या अनेक वर्षें राखतो, त्यासच त्याची झळ लागते. गांठी होऊन मरणाऱ्या कोंबड्या बहुधा शेंकडा एक-दोनच असतात. क्वचित् हें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत जातें. परंतु खरें नुकसान मरणाऱ्या कोंबडीपेक्षां जगणाऱ्या कोंबडीकडून होतें. परदेशांत केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, अंड्यांतून विषाणु बाहेर टाकणारी कोंबडी वरून निरोगी दिसत असतांही अंडीं देण्याच्या पहिल्या हंगामांत वीस ते पस्तीस अंडीं कमी देते. हजार कोंबड्यांच्या कळपांत अशा पन्नासच असल्या, तरी हजार ते साडेसतराशें अंडीं बुडालीं. खाद्य मात्र त्यांनीं पूर्ण खाल्लें. ही तूट हिशेबाच्या वहींत कोठेंही स्पष्ट दिसत नाहीं, म्हणूनच ती अधिक घातक आहे.

शोधाचा इतिहास

हा रोग डोळ्यांस न दिसणाऱ्या विषामुळें होतो, हें प्रथम १९०८ सालीं डेन्मार्क देशांत एलरमान व बांग या दोघांनीं दाखविलें. रोगी कोंबडीच्या अवयवांचा रस त्यांनीं अशा बारीक गाळणींतून गाळला कीं, तींतून जंतु पार होऊं नयेत. तरीही त्या रसानें निरोगी कोंबड्यांस रोग झाला. पुढें न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत पेटन राऊस यांच्याकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातींत गांठ होती. त्या गांठीचा गाळलेला रसही दुसऱ्या कोंबडींत गांठ उत्पन्न करतो, असें राऊस यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध केलें. विषाणूनें कर्करोग होतो ही गोष्ट मानण्यास त्या काळीं फारसें कोणी तयार नव्हतें. राऊस यांस या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें तें १९६६ सालीं, म्हणजे पंचावन्न वर्षांनंतर. एका शेतकऱ्याच्या कोंबडीपासून निघालेला हा विचार पुढें मानवी वैद्यकासही मार्गदर्शक ठरला, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दप्तर आणि उतारा

आतां विषाणूच्या अंतरंगाकडे वळूं. प्रत्येक पेशींत डी.एन.ए. नांवाचा दुपदरी धागा असतो. पेशीनें काय करावें, कोणतीं प्रथिनें घडवावींत, याची सर्व नोंद त्यांत चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेली असते. हें पेशीचें मूळ दप्तर होय. पेशीस कामाकरितां जेवढा मजकूर हवा असेल, तेवढ्याचा ती एकपदरी उतारा काढते. त्या उताऱ्याचें द्रव्य म्हणजे आर.एन.ए. दप्तरावरून उतारा निघतो, उताऱ्यावरून दप्तर कोणी लिहीत नाहीं, असा नियम शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत आले.

ल्युकोसिसचा विषाणु नेमका हाच नियम मोडतो. त्याच्यापाशीं स्वतःचें दप्तर नाहीं. सात-साडेसात हजार अक्षरांचा आर.एन.ए.चा उतारा तेवढा आहे, आणि प्रत्येक कणांत त्याच्या दोन प्रती असतात. कोंबडीच्या पेशींत शिरल्यावर तो या उताऱ्यावरून उलट डी.एन.ए. लिहवितो, आणि तें डी.एन.ए. पेशीच्या मूळ दप्तरांत घुसडून देतो. खोट्या कागदावरून तलाठ्याच्या वहींत फेरफाराची नोंद व्हावी आणि मग निघणाऱ्या प्रत्येक उताऱ्यावर ती खरी म्हणून उमटावी, तसाच हा प्रकार. हें उलट लेखन करणारें विकर १९७० सालीं हॉवर्ड टेमिन व सातोशी मिझुतानी यांनीं एकीकडे आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनीं दुसरीकडे स्वतंत्रपणें शोधून काढलें. टेमिन यांनीं त्याकरितां राऊस यांच्याच कोंबडीच्या विषाणूचा उपयोग केला होता. टेमिन व बाल्टिमोर यांस १९७५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अशा उलट चालीच्या विषाणूंस रेट्रोविषाणु असें नांव पडलें. मनुष्यास होणाऱ्या एड्स रोगाचा विषाणु याच कुळांतील आहे.

दोराचें पहिलें टोंक

येथें एक अडचण उभी राहते. हें विकर अक्षरापुढें अक्षर जोडूं शकतें, परंतु पहिलें अक्षर स्वतः मांडूं शकत नाहीं. वाखाचा दोर वळणारा मनुष्य हातांत आधीं थोडा वळलेला तुकडा असला तर त्याच्या टोंकास वाख जोडीत जाऊन हवा तितका लांब दोर वळूं शकतो. तो तुकडाच नसेल तर पीळ धरणार कोठें? या विकराचेंही तसेंच आहे. त्यास आरंभास एक तयार तुकडा लागतो, आणि तो विषाणूच्या उताऱ्यावर योग्य जागीं चिकटलेला असावा लागतो. हा तुकडा येतो कोठून?

या प्रश्नाचें उत्तर ज्यांकडे प्रारंभीं कोणी लक्ष दिलें नव्हतें अशा लहान तुकड्यांत सांपडलें. विषाणूंतील आर.एन.ए. वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घातला असतां जड व हलके भाग निराळे होतात. दुधापासून साय काढणाऱ्या यंत्राचें तत्त्व येथेंही लागू आहे. असें केल्यावर विषाणूचा मुख्य जड आर.एन.ए. एकीकडे होई, आणि दुसरीकडे कित्येक चिमुकले तुकडे मिळत. फुटलेल्या पेशींचा हा केरकचरा असावा, अशी शंका येणें स्वाभाविक होतें. परंतु मुख्य आर.एन.ए. धुऊन शुद्ध केला तरी कांहीं तुकडे त्यास चिकटूनच राहत. हळूहळू ऊष्णता दिली तर बरेचसे सुटत. एक मात्र अगदीं शेवटीं सुटे. तो सुटला कीं, मुख्य आर.एन.ए.वर उलट लेखनाचा आरंभ होईनासा होई.

१९७४ व १९७५ या सालांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें जेम्स डाल्बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या शेवटच्या तुकड्याची ओळख पटविली. तो विषाणूचा नव्हताच. तो कोंबडीचा होता. प्रथिनें घडविण्याकरितां पेशी वीस प्रकारचीं अमिनो आम्लें वापरते, आणि तीं कामाच्या जागीं वाहून आणण्याकरितां निरनिराळे लघु आर.एन.ए. ठेवते, त्यांस वाहक आर.एन.ए. म्हणतात. प्रत्येक वाहक एकाच प्रकारचें आम्ल उचलतो. ट्रिप्टोफॅन नांवाचें आम्ल उचलणारा जो वाहक, सुमारें पंचाहत्तर अक्षरांचा, तोच हा तुकडा निघाला. त्याच्या टोंकाचीं अठरा अक्षरें विषाणूच्या उताऱ्यांतील अठरा अक्षरांशीं, कुलुपांत किल्ली बसावी तशीं, जुळतात. ही जागा उताऱ्याच्या सुरुवातीपासून सुमारें शंभर अक्षरांवर आहे. विकर या वाहकाच्या टोंकापासून डी.एन.ए. वळण्यास आरंभ करतें, शंभर अक्षरांत उताऱ्याचा कांठ गांठतें, मग उताऱ्याच्या दुसऱ्या कांठावर उडी घेऊन उरलेला सर्व मजकूर लिहून काढतें.

म्हणजे विषाणु उतारा आपला आणतो, विकर आपलें आणतो, परंतु दोराचें पहिलें टोंक मात्र कोंबडीचें घेतो. एवढेंच नव्हे, तर एका पेशींतून बाहेर पडतांना पुढच्या पेशींत लागेल म्हणून तो हें टोंक सोबत बांधून नेतो. एकेका कणांत सुमारें पन्नास ते शंभर वाहक आर.एन.ए. असतात, आणि त्यांत ट्रिप्टोफॅनचा वाहक पेशींतील प्रमाणापेक्षां पुष्कळ अधिक असतो. इतर रेट्रोविषाणूंचीही हीच रीत आहे, केवळ वाहक निराळा. उंदरांच्या ल्युकेमियाचा विषाणु प्रोलिनचा वाहक घेतो, तर एड्सचा विषाणु लायसिनचा.

या लहान सोबत्यांत वाहकांहून मोठा, सुमारें तीनशें अक्षरांचा असा आणखी एक आर.एन.ए. आहे. सॅन फ्रान्सिस्को येथें मायकेल बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० सालीं राऊसच्या विषाणूंत त्याचें वर्णन केलें. हाही पेशीचाच. नवीं प्रथिनें पेशींतील योग्य दालनाकडे पोंचविणाऱ्या यंत्रणेचा तो एक भाग आहे, असें १९८२ सालीं वॉल्टर व ब्लोबेल यांनीं दाखवून दिलें. विषाणूच्या गाठोड्यांत सांपडलेल्या वस्तूनें घरधनिणीच्या घराची रचना समजावी, असा हा योग होता.

औषध कां चालत नाहीं

आतां पहिल्या प्रश्नाचें उत्तर उघड आहे. जंतूंस मारणारीं औषधें जंतूच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालतात. या विषाणूपाशीं स्वतःची म्हणून यंत्रणा फारच थोडी. आरंभाचा तुकडासुद्धां कोंबडीचा. ट्रिप्टोफॅनचा वाहक नष्ट करावा, तर कोंबडीचें स्वतःचें प्रथिनांचें काम बंद पडेल. जंतूंवरील प्रतिजैविकें येथें अगदींच निरुपयोगी. तीं दिल्यानें विषाणु जात नाहीं. मात्र अंड्यांत व मांसांत औषधाचा अंश उतरतो आणि तें खाणाऱ्यास बाधक होतो.

कोणी विचारील कीं, एड्सच्या रुग्णांस तर औषधें मिळतात, मग कोंबडीस कां नकोत? एड्सवरील पहिलें औषध, झिडोव्ह्यूडिन, १९८७ सालीं वापरांत आलें. तें याच उलट लिहिणाऱ्या विकरास अडवितें: दोरांत असा एक तुकडा जोडला जातो कीं, त्यापुढें दुसरा जोडतां येत नाहीं. पुढें अशीं अनेक औषधें निघालीं व त्यांनीं लक्षावधि माणसें जगविलीं. परंतु दप्तरांत एकदां झालेली नोंद तीं खोडूं शकत नाहींत. म्हणून रुग्णास तीं जन्मभर घ्यावीं लागतात. माणसाच्या जिवापुढें तो खर्च कांहींच नव्हे. शेंकडों कोंबड्यांस जन्मभर रोज असें औषध देणें शक्य नाहीं, आणि त्यांचीं अंडीं खाण्यालायकही राहणार नाहींत.

अंड्यांतून जाणारा वारसा

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अंड्यांत आहे. रोगवाहक कोंबडीच्या अंडनलिकेंतून विषाणु अंड्याच्या पांढऱ्या बलकांत उतरतो. अशा प्रत्येक अंड्यांतून रोगी पिलूं निघतेंच असें नाहीं. परंतु जें निघतें तें फार धोक्याचें. जन्मापूर्वींच विषाणूची ओळख झाल्यामुळें त्याचें शरीर त्यास परका मानीत नाहीं व त्याविरुद्ध प्रतिकारद्रव्यें उत्पन्न करीत नाहीं. तें पिलूं जन्मभर रक्तांत विषाणु बाळगतें, विष्ठेंतून व लाळेंतून सोबतच्या पिलांस देतें, आणि मोठेपणीं आपल्या अंड्यांतून पुढच्या पिढीस देतें. जीं पिलें मोठीं झाल्यावर केवळ संसर्गानें बाधित होतात, त्यांच्यांपैकीं बहुतेक प्रतिकार करून सुधारतात. कोंबडा आपल्या बीजांतून हा विषाणु अंड्यांत घालीत नाहीं, तथापि सहवासानें तो कोंबड्यांस बाधा करूं शकतो.

मानमोडी अथवा बर्ड फ्ल्यू यांच्यांत व या रोगांत हाच मोठा भेद आहे. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्ल्यू आला, तेव्हां कोंबड्या पटापट मेल्या आणि सर्वांस संकट दिसलें. ल्युकोसिस असा गर्जना करून येत नाहीं. तो टोपलींतल्या निरोगी दिसणाऱ्या पिलाबरोबर मुकाट्यानें येतो, आणि चार-पांच महिन्यांनीं आपलें येणें कळवितो. मात्र शरीराबाहेर हा विषाणु दुबळा आहे. कांहीं तासांतच त्याची शक्ति ओसरते, आणि साबणासारख्या धुण्याच्या द्रव्यांनीं तो मरतो. म्हणून त्याचा खरा मार्ग वारा किंवा धूळ नव्हे, तर आई आणि अंडें हा होय. मनुष्यास या विषाणूची बाधा होत असल्याचा पुरावा नाहीं. तेवढ्या भीतीचें कारण नाहीं.

मार्ग एकच असल्यामुळें तो बंद करणें शक्य झालें. अंड्याचा पांढरा बलक किंवा कोंबडीच्या गुदद्वारांतील स्राव तपासून विषाणूचें एक ठराविक प्रथिन ओळखतां येतें. मूळ वंशाचे कळप राखणारे उत्पादक अशी तपासणी करून विषाणु टाकणाऱ्या कोंबड्या काढून टाकतात. १९८०–९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्यें मांसल जातींत या विषाणूचा ‘जे’ नांवाचा नवा गट सांपडला आणि पुढच्या दहा वर्षांत तो देशोदेशींच्या कळपांत पसरला. तो मोठ्या उत्पादकांच्या वंशांतून हटविला गेला तो औषधानें नव्हे, तर याच निवडीनें.

उंसांतील व केळींतील भाऊबंद

हा विषय केवळ कोंबड्यांपुरता नाहीं. उंसांत बॅसिलिफॉर्म नांवाचा एक विषाणु आढळतो; त्यानें पानांवर फिकट ठिपके पडतात, आणि कित्येक जातींत तर कांहींच लक्षण दिसत नाहीं. त्याच्या कणांत आर.एन.ए. नसून डी.एन.ए. असतें, तरी पेशींत आपली प्रत काढतांना तोही आर.एन.ए.वरून उलट डी.एन.ए. लिहितो. त्याकरितां दोराचें पहिलें टोंक तो उंसाच्याच पेशींतून घेतो. तें मेथिओनिनच्या वाहकाचें असतें. हा विषाणु पसरतो तो बेण्यांतून आणि पिठ्या ढेकणांमार्फत.

केळीवरील स्ट्रीक नांवाचा विषाणु त्याचा जवळचा भाऊ. केळीच्या ज्या जातींत ‘बी’ वंशाचा अंश आहे, त्यांतील कित्येकांच्या मूळ दप्तरांतच या विषाणूची जुनी नोंद आहे, आणि पाण्याचा ताण, थंडी किंवा ऊतिसंवर्धन यांमुळें ती जागी होऊं शकते. इंदापूर भागांत लावली जाणारी ग्रँड नैन ही केवळ ‘ए’ वंशाची असल्यानें तीस हा घरभेद्यांचा धोका नाहीं. परंतु बाहेरून, रोगी मुनव्यांतून व पिठ्या ढेकणांतून येणारा धोका आहेच. कोंबडी, ऊंस आणि केळ हे तीन जीव परस्परांहून किती भिन्न. पण त्यांच्या या विषाणूंची चाल एक, आणि त्यावरील उपायही एकच.

पालकानें काय करावें

१. पिलें घेतांना भावापूर्वीं वंश विचारावा. आईबापांच्या कळपाची ल्युकोसिसकरितां तपासणी होते काय, हें उबवणी केंद्रास स्पष्ट विचारावें आणि उत्तर पावतीवर लिहून मागावें. उंसांत मूलभूत, पायाभूत व प्रमाणित बेणें अशा पायऱ्या असतात, तशाच कोंबड्यांतही आजा-आजीचे कळप, आईबापांचे कळप व विक्रीचीं पिलें अशा पायऱ्या आहेत. वरची पायरी स्वच्छ, तर खालची स्वच्छ.

२. ज्या कळपांत गांठींनीं कोंबड्या मेल्या, त्यांतील अंडीं खाण्याकरितां विकावींत, पण उबवूं नयेत. शेजाऱ्यासही उबविण्याकरितां देऊं नयेत. गांवरान कोंबडीच्या पालकांकडून हीच चूक सर्वांत अधिक होते. ‘घरचें अंडें, घरची कोंबडी, खर्च कांहीं नाहीं’ असें वाटतें. परंतु त्या फुकटच्या अंड्याचा वारसा पिढ्यान्पिढ्या फेडावा लागतो.

३. लहान पिलें मोठ्या कोंबड्यांपासून निराळीं ठेवावींत. पहिल्या कांहीं आठवड्यांत झालेली बाधा सर्वांत वाईट. वय वाढेल तसा प्रतिकार वाढतो. नवा कळप आणण्यापूर्वीं जुना पूर्ण काढून, तूस बाहेर टाकून, शेड धुवून कोरडी करावी.

४. लस टोंचतांना एकच सुई पिलामागून पिलास लावीत जाऊं नये. एका रोगी पिलाचें रक्त त्या सुईनें अनेकांत जातें.

५. आठवड्याच्या बाजारांतून आणलेला कोंबडा अगर कोंबडी सरळ कळपांत सोडूं नये.

६. संशय आल्यास औषध बदलण्यापूर्वीं ताजी मेलेली कोंबडी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावी, किंवा त्यांच्यामार्फत पुण्यांत औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवावी. मारेक कीं ल्युकोसिस, हें डोळ्यांनीं नेहमीं ठरत नाहीं, तपासणीनें ठरतें. मारेक ठरल्यास पुढच्या कळपाच्या लसीकडे पाहावें. ल्युकोसिस ठरल्यास पिलांचा पुरवठा बदलावा.

७. निदान ल्युकोसिस असें झाल्यावर त्यापुढें औषधाकरितां एक रुपयाही खर्च करूं नये. रोगी कोंबड्या काढून टाकाव्यात, आणि तो पैसा पुढील खेपेस चांगल्या वंशाच्या पिलांकरितां राखावा.

उपसंहार

ज्या तुकड्यास शास्त्रज्ञ केर समजले असते, त्या पंचाहत्तर अक्षरांच्या तुकड्यानें एवढा बोध केला. शत्रु कोंबडीचेंच सूत घेऊन आपला दोर वळतो, आणि तो दोर तिच्या दप्तरांत गुंफून बसतो. गुंफल्यावर तो उसवणें आपल्या हातीं नाहीं. आपल्या हातीं आहे तें त्यापूर्वींचें, म्हणजे कोणतें अंडें उबवावयाचें व कोणतें पिलूं दारांत आणावयाचें, एवढेंच. खाण तशी माती, हें आपल्याकडील म्हातारीं माणसें सांगत आलीं. आतां त्याचें कारणही आपणांस समजलें. उंसाचें बेणें पारखून घेणाऱ्या बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यास अंडें पारखून घेणें मुळींच जड जाऊं नये. पुढच्या खेपेस पिलांची टोपली दारीं येईल, तेव्हां तिचा भाव विचारण्यापूर्वीं त्यांच्या आयांची चौकशी करावी, एवढीच आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.